बॅडफिंगरची ‘स्ट्रेट अप’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटातल्या इंग्रजी रेकॉर्ड्सपैकी सर्वांत जास्त वेळा बाहेर निघते ती ही. घरी आलेले लोक ती ऐकतात, आणि मग जवळजवळ तेच ते प्रश्न येतात. दर वेळी चहा होईपर्यंत तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणून हे.

ही नक्की कुठली रेकॉर्ड?

बॅडफिंगर हा चौघांचा ब्रिटिश बँड. पीट हॅम आणि ड्रमवर माइक गिबिन्स हे वेल्समधल्या स्वॉन्झीचे, तर टॉम एव्हन्स आणि जोई मॉलंड लिव्हरपूलचे. आधी त्यांचं नाव होतं ‘द आयव्हीज’. स्वॉन्झीत स्टेशनजवळ आयव्ही प्लेस नावाची एक छोटी गल्ली आहे, तिच्यावरून ते पडलं. १९६८ साली बीटल्सनी काढलेल्या ॲपल या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं आणि १९६९च्या अखेरीस नाव बदलून बॅडफिंगर झालं. ‘स्ट्रेट अप’ अमेरिकेत डिसेंबर १९७१मध्ये आली आणि ब्रिटनमध्ये १९७२च्या सुरुवातीला. बारा गाणी, दोन्ही बाजू मिळून साधारण ४२ मिनिटं.

म्हणजे बीटल्सची नक्कलच ना?

हा प्रश्न त्या चौघांना आयुष्यभर छळत राहिला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

असं वाटायला कारणं होती. कंपनी बीटल्सची. पहिलं गाजलेलं गाणं ‘कम अँड गेट इट’, तेही बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने लिहून दिलेलं. आवाज मिसळून गाण्याची पद्धत त्याच वळणाची. पण ‘स्ट्रेट अप’ची बाराही गाणी त्यांची स्वतःची आहेत. पाच हॅमची, चार मॉलंडची, दोन एव्हन्सची आणि ‘फ्लाइंग’ हे एव्हन्स-मॉलंड जोडीचं. पीट हॅमच्या चालींमध्ये एक सरळपणा आहे, जो मला बीटल्समध्येही इतका सलग सापडत नाही. शब्द साधे, चाल तुम्हाला आधीपासून ठाऊक असल्यासारखी, आणि आवाजात कुठेही तोरा नाही. गाणं ऐकणाऱ्यावर मात करायला बघत नाही, शेजारी येऊन बसतं. घराण्याची छाप असली म्हणून गवई नकलाकार ठरत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे तेवढीच समजूत दाखवायची आहे.

रेकॉर्डवर दोन निर्मात्यांची नावं का आहेत?

खरं तर तीन हात लागले आहेत. १९७१च्या सुरुवातीला बँडने जेफ एमरिकबरोबर अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला. एमरिक म्हणजे बीटल्सचे गाजलेले अल्बम ज्याने ध्वनिमुद्रित केले तो इंजिनिअर. अल्बम पुरा झाला, पण ॲपलला पसंत पडला नाही आणि बाजूला ठेवला गेला. मग बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने स्वतः सूत्रं हातात घेतली. त्याच्या देखरेखीखाली ‘डे आफ्टर डे’, ‘नेम ऑफ द गेम’, ‘सूटकेस’ आणि ‘आय’ड डाय बेब’ ही चार गाणी झाली. हॅरिसन घाई करणाऱ्यांतला नव्हता, एकेका गाण्यावर दिवस घालवत असे. तेवढ्यात त्याला काम सोडून जावं लागलं (का, ते पुढच्या प्रश्नात). उरलेलं टॉड रंडग्रेन या अमेरिकन निर्मात्याकडे आलं. त्याचा स्वभाव नेमका उलटा. जेमतेम दोन आठवड्यांत त्याने बाकीची गाणी उरकली आणि हॅरिसनच्या चार गाण्यांचं मिक्सिंगही केलं. बँडचं त्याच्याशी फारसं जमलं नाही.

अशी रेकॉर्ड ठिगळांची गोधडी व्हायला हवी होती. पण सलग ऐकली तर सांधे दिसत नाहीत, आणि त्याचं श्रेय मी निर्मात्यांना कमी आणि गाण्यांना जास्त देतो. तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून गेली तरी चाल जागची हलत नाही, इतकी ती पक्की आहे.

हॅरिसन मध्येच का गेला? रविशंकरांचा संबंध आहे म्हणतात, तो खरा का?

खरा आहे. १९७०च्या नोव्हेंबरमधल्या चक्रीवादळाने आणि पाठोपाठ १९७१च्या युद्धाने पूर्व बंगालची दैना झाली होती. निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. पंडित रविशंकर तेव्हा अमेरिकेत होते, हॅरिसन त्यांच्याबरोबर काम करत होता. काहीतरी मदत उभी करावी हे त्यांनी हॅरिसनला सांगितलं आणि त्यातून १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाली. एक कार्यक्रम दुपारी, दुसरा रात्री. सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी केली. उस्ताद अल्लारखाँ तर मुंबईतच स्थायिक झालेले. त्यांच्याकडे शिकलेले तबलजी आपल्याकडे आजही वाजवत आहेत.

त्याच मंचावर मागच्या बाजूला बॅडफिंगरची मंडळी होती. हॅम, एव्हन्स आणि मॉलंड अकूस्टिक गिटार धरून हॅरिसनच्या गाण्यांना साथ करत होते. पण एका गाण्याला पीट हॅम पुढे आला. ‘हिअर कम्स द सन’ फक्त दोघांनी वाजवलं, हॅरिसनने आणि त्याने. चित्रफीत मिळाली तर तेवढे तीन मिनिटं जरूर बघा. हॅमची नजर सतत हॅरिसनच्या हातांवर आहे, आणि तरी एकही स्वर डगमगत नाही. चोवीस वर्षांचा होता तो.

कार्यक्रमानंतर त्याचीच रेकॉर्ड आणि चित्रपट पूर्ण करण्यात हॅरिसन अडकला, म्हणून ‘स्ट्रेट अप’ रंडग्रेनकडे गेली. आपल्या कपाटातल्या रविशंकरांच्या रेकॉर्डशेजारी ही रेकॉर्ड ठेवायला हरकत नाही, असं मला वाटतं ते म्हणूनच.

सगळ्यांत चांगलं गाणं कोणतं?

‘डे आफ्टर डे’. लोक ‘बेबी ब्लू’चं नाव घेतात, तेही सुंदरच आहे, पण माझं मत बदललेलं नाही.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. स्लाइड गिटार सुरू होते आणि पहिल्या काही सेकंदांत वाटतं, एकच माणूस वाजवतोय. कान देऊन ऐकलं की कळतं, दोघे आहेत. हॅरिसन आणि पीट हॅम, एकमेकांच्या मींडीला मींड जुळवून. स्लाइडवर पडदे धरायचे नसतात, स्वर सरकत जाऊन नेमक्या जागी थांबवायचा असतो. दोघांनी एकाच वेळी तिथे पोचणं म्हणजे जुगलबंदी नव्हे, सहगायन आहे. आपल्या कानाला मींडेची सवय असल्यामुळे हे गाणं इथे पटकन लागतं, हा माझा अनुभव आहे. पियानो लिऑन रसेलचा. तो मधूनच येतो, दोन-चार थेंब टाकतो आणि बाजूला होतो. अमेरिकेत हे गाणं लोकप्रियतेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये दहाव्या.

कमी बोललं जाणारं एक नाव सांगून ठेवतो: ‘परफेक्शन’. हेही हॅमचंच. सलग तीन-चारदा ऐकल्याशिवाय हाती लागत नाही, त्यामुळे लोक पुढे निघून जातात.

एवढं यश मिळालं, मग दुर्लक्षित कशी म्हणता?

दोन गाणी गाजली, रेकॉर्ड मागे राहिली. अमेरिकेत अल्बम ३१व्या क्रमांकापर्यंत पोचला, पण मायदेशी ब्रिटनमध्ये तो यादीत आलाच नाही. ‘बेबी ब्लू’ तर ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुट्ट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, निघालंच नाही. अमेरिकेत निघालं आणि १४व्या क्रमांकावर गेलं. काही नामांकित मासिकांनी तेव्हा रेकॉर्डला झोडपून काढलं. त्यानंतर ॲपलचाच कारभार आटोपत गेला, बँड दुसऱ्या कंपनीकडे गेला, पैशांचे व्यवहार कोर्टात अडकले आणि ‘स्ट्रेट अप’ दुकानांतून नाहीशी झाली. सीडी आली ती थेट १९९३मध्ये. मधल्या काळात ज्यांना ती हवी होती त्यांना जुन्या प्रती शोधण्याखेरीज मार्ग नव्हता. एक पिढीच्या पिढी ही दोन गाणी नुसती रेडिओवर ऐकून मोठी झाली, ज्या रेकॉर्डमध्ये ती बसवलेली होती ती तिने पाहिलीच नाही.

‘ब्रेकिंग बॅड’ ह्या अमेरिकन मालिकेच्या शेवटी वाजतं ते ह्यातलंच का?

हो, ‘बेबी ब्लू’. २९ सप्टेंबर २०१३ रोजी शेवटचा भाग दाखवला गेला आणि एका रात्रीत हे गाणं पुन्हा लोकांच्या ओठी आलं. मालिकेतल्या प्रसंगात ते चपखल बसतं, पण मूळ गाणं साधं प्रेमगीत आहे. दौऱ्यात भेटलेल्या आणि मग मागे राहिलेल्या मैत्रिणीसाठी हॅमने लिहिलेलं. तिचं ‘डिक्सी’ हे नाव गाण्यातही येतं. मालिकेमुळे इकडे आला असाल तर आनंदच आहे. फक्त तेवढं एकच गाणं ऐकून परत जाऊ नका.

‘विदाउट यू’ ह्या रेकॉर्डवर आहे का?

नाही. ते आधीच्या, १९७०च्या ‘नो डाइस’वर. हॅमचं एक आणि एव्हन्सचं एक अशी दोन अर्धवट गाणी जोडून ते तयार झालं. पुढे १९७२ साली हॅरी निल्सनने ते अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर नेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते मराया केरीच्या आवाजात ऐकलेलं असतं आणि मूळ कुणाचं हे माहीत नसतं.

ब्रिटिश प्रत घ्यावी की अमेरिकन?

जी चांगल्या स्थितीत मिळेल ती. हे आधी सांगतो, कारण नवे संग्राहक देशाच्या नावावर पैसे उडवतात आणि घरी येऊन खरखर ऐकत बसतात.

ब्रिटिश प्रतीचा क्रमांक सॅपकॉर १९, अमेरिकन प्रतीचा एसडब्ल्यू ३३८७. दोन्हीकडे ॲपलचं ते प्रसिद्ध लेबल: एका बाजूला अख्खं हिरवं सफरचंद, दुसऱ्या बाजूला मधोमध कापलेलं, पांढरा गर दिसणारं. अमेरिकेतल्या प्रती कॅपिटल ह्या रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यांत छापल्या जात. शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या, गुळगुळीत पट्ट्यावर, म्हणजे डेड वॅक्सवर, चांदणी दिसली तर ती लॉस एंजेलिसची; छोटा त्रिकोण दिसला तर स्क्रॅन्टनची.

ब्रिटिश प्रती इएमआयच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, आणि तिथली खूण मला फार आवडते. रेकॉर्ड हातात धरा, खिडकीजवळ जा आणि उजेड तिरपा पडेल अशी कलती करा. मुख्य मॅट्रिक्स क्रमांकाच्या (डेड वॅक्सवर कोरलेला त्या बाजूचा ओळखक्रमांक) उजवीकडे, घड्याळात तीन वाजतात तिथे, एखाद-दुसरं बारीक अक्षर कोरलेलं दिसेल. जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, आणि पुढे एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. ही दहा अक्षरं सलग वाचली की ‘ग्रामोफोन लिमिटेड’चं संक्षिप्त रूप तयार होतं. हे स्टँपरचे, म्हणजे ज्या धातूच्या साच्याने रेकॉर्ड छापतात त्याचे, आकडे. आकडा जितका लहान तितकी प्रत लवकर छापलेली. डावीकडे, नऊच्या जागी, मदरचा, म्हणजे ज्या तबकडीवरून स्टँपर बनतो तिचा, क्रमांक असतो.

ह्या ग्रामोफोन कंपनीचीच शाखा कोलकात्याजवळच्या दमदमला होती. आजोबांच्या पेटीतल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या एचएमव्हीच्या तबकड्या तिथून आल्या. स्वॉन्झीच्या मुलाची रेकॉर्ड आणि आपल्या घरातली ती कुत्र्याची रेकॉर्ड एकाच कुटुंबातल्या, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ दोन्ही लेबलं शेजारी ठेवून बघत होतो.

बाहेरून मागवताना काय बघावं?

विक्रेत्याने लिहिलेली श्रेणी म्हणजे त्याचं मत. ‘व्हीजी प्लस’, म्हणजे ‘व्हेरी गुड’हून सरस, म्हणून मागवलेली माझी पहिली प्रत ठाण्याला पोचली तेव्हा कव्हरची खालची कड उसवलेली होती आणि तबकडीला एका कडेला बाक आला होता. ती कव्हरच्या आत ठेवूनच पाठवली होती, प्रवासातल्या धक्क्यांनी तिनेच कड फाडली. तेव्हापासून मी आधीच कळवतो: तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट वेगळी ठेवा आणि दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा. आणखी एक मागा, उजेडात तिरपा काढलेला फोटो. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक रेकॉर्ड नवी दिसते.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं वाजतं. प्रत खराब आहे का?

असेलच असं नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही तेवढेच आणि आत लेबलजवळही तेवढेच. पण बाहेरची फेरी लांब, आतली आखूड. त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आणि अगदी आत पोचेपर्यंत ती निम्म्याहूनही कमी होते. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला, म्हणून ‘स’, ‘श’ असे उच्चार आधी फाटतात.

‘स्ट्रेट अप’ची पहिली बाजू साधारण २२ मिनिटांची, आणि तिच्या टोकाला ‘नेम ऑफ द गेम’ आहे, पाच मिनिटांहून लांब आणि शेवटाकडे भरत जाणारं. म्हणजे अवघड जागेवर भरगच्च गाणं. आधी सुई बदलून बघा, मग काट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, सरळ बसलंय का ते तपासा, सुईचा दाब काट्रिजबरोबर आलेल्या कागदावर दिलाय तेवढाच ठेवा. हलका दाब म्हणजे रेकॉर्डवर दया, असं वाटतं. प्रत्यक्षात सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते. हे सगळं करूनही फाटत असेल, तर आधीच्या मालकाने बोथट सुईने ती वाजवलेली असणार. त्याला उपाय नाही.

पावसाळ्यात बुरशी येते. काय करू?

कोकणपट्टीत राहणाऱ्या प्रत्येक संग्राहकाचं हे दुखणं आहे. जुलैत एखाद्या दिवशी कव्हर काढावं आणि ओल्या गोणपाटाचा वास यावा, काळ्या खाचांवर राखाडी ठिपके दिसावेत, ह्यासारखं वाईट वाटत नाही.

आधी ती रेकॉर्ड बाकीच्यांपासून वेगळी करा. नाकातोंडावर मास्क लावून बाल्कनीत न्या, कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी झाडा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब घालून, मायक्रोफायबरच्या कापडाने खाचांच्या दिशेनेच पुसा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा, नाहीतर साबणाचा थर सुईला लागतो. लेबल ओलं होऊ देऊ नका. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत बसतात. आतलं जुनं पाकीट टाकून द्या, बुरशीचं घर तिथेच असतं.

एक मात्र लक्षात ठेवा. आजोबांच्या पेटीतल्या जड, ठिसूळ, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. हाताशी आहे म्हणून एकच बाटली सगळ्यांवर चालवल्यामुळे नाट्यगीतांच्या तबकड्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

ठेवायच्या उभ्या, एकमेकींना टेकून पण दाबून नाहीत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, माळा तर नकोच. वर पत्रा तापला की तबकडी वाकते.

सीडी किंवा मोबाइलवर ऐकली तर चालेल?

चालेल, जरूर ऐका. २०१०ची सुधारित आवृत्ती स्वच्छ आहे, आणि सीडीवर एमरिकच्या वेळची काही मूळ ध्वनिमुद्रणंही जोडलेली आहेत. ती लागोपाठ ऐकली की एकच गाणं वेगवेगळ्या हातांत कसं बदलतं हे कळतं. मी रेकॉर्डचा आग्रह धरतो तो एका वेगळ्या कारणासाठी. ही बारा गाणी सहा-सहाची दोन वर्तुळं म्हणून बांधलेली आहेत. ‘नेम ऑफ द गेम’ संपल्यावर उठावं लागतं, बाजू पालटावी लागते, आणि त्या मधल्या शांततेनंतर ‘सूटकेस’ येतं. मोबाइलवर ती शांतता मिळत नाही.

पुढे त्या चौघांचं काय झालं?

कमावलेला पैसा त्यांच्या हाती फारसा लागला नाही. कर्जात, हताश अवस्थेत पीट हॅमने २४ एप्रिल १९७५ रोजी आयुष्य संपवलं. तीन दिवसांनी त्याला अठ्ठावीस वर्षं पूर्ण होणार होती. टॉम एव्हन्सही १९८३ साली त्याच वाटेने गेला. माइक गिबिन्स २००५मध्ये वारला आणि जोई मॉलंड १ मार्च २०२५ रोजी. २०१३ साली स्वॉन्झीत आयव्ही प्लेसला हॅमच्या नावाची निळी पाटी लागली.

ही हकीगत माहीत झाली की लोक रेकॉर्ड दुःखाच्या चष्म्यातून ऐकू लागतात. माझी विनंती आहे, तसं करू नका. १९७१ साली हे चौघे ऐन विशीत होते, गाणी सुचत होती, हॅरिसन बाजूला बसून गिटार वाजवत होता. रेकॉर्डमध्ये तो उत्साह आहे. तोच ऐका.

आमच्या घरी इंग्रजी रॉक कुणी ऐकत नाही. सुरुवात कुठून करू?

दुसऱ्या बाजूपासून. मी आईला तिथूनच ऐकवली होती. ती भावगीतांवर वाढलेली, इंग्रजी शब्दांशी तिला देणंघेणं नाही. ‘सूटकेस’ वाजत असताना ती भाजी निवडत होती. ‘स्वीट ट्यूजडे मॉर्निंग’ला हात जरा सावकाश झाला. ‘डे आफ्टर डे’ची ती जोडस्लाइड सुरू झाली तेव्हा तिने मेथीची जुडी ताटात ठेवली आणि विचारलं, “हे दोघं आहेत ना रे?” मी हो म्हटलं. गाणं संपल्यावर म्हणाली, “परत लाव.”